निश्चितांक एक्कावन्न

"भूजल एक्कावन्न, नगररचना पन्नास," निंबाळकर सरांनी पडद्यावरचे आकडे वाचले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मागच्या वेळी काय होतं?"

"भूजल पन्नास, नगररचना एक्कावन्न," शर्वरी म्हणाली.

"म्हणजे एका गुणाची अदलाबदल झाली."

"हो सर."

"तीन महिन्यांत."

"हो सर."

निंबाळकर सर सांगलीच्या निश्चिती केंद्रात समुपदेशक होते. दिवसाला वीस-पंचवीस मुलांच्या डोक्यावर टोप चढवायचा, आकडा सांगायचा, चांगला असेल तर पाठ थोपटायची, वाईट असेल तर दुसरं काहीतरी सुचवायचं, हे त्यांचं काम. पण आकडा धड चांगला नाही, धड वाईट नाही आणि दोन्हीकडे सारखाच, असं प्रकरण पुढ्यात आलं की त्यांना काही सुचत नसे.

"एखादा पस्तीस असता तर मी सांगितलं असतं, सोडून दे म्हणून. तू मला काही करूच देत नाहीस."

"मी मुद्दाम करते का सर?"

"तसं नाही गं. पण येताना जरा मनाशी ठरवून ये ना!"

"ठरवता आलं असतं तर टोप कशाला घातला असता?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी तिसऱ्या चाचणीची तारीख लिहून दिली, बारा जून. वर्षाला तीनच चाचण्या मिळत. ही शेवटची.

शर्वरी कोष्टी तेवीस वर्षांची होती. भूशास्त्रात एम.एस्सी. झाली होती, पहिल्या वर्गात. हैदराबादच्या एका संस्थेने तिला भूजलावर पीएच.डी.साठी निवडलं होतं. पाच वर्षं, कदाचित सहा. अहमदाबादच्या एका संस्थेने नगररचनेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घेतलं होतं. शिकून बाहेर पडलं की कुठल्या तरी महापालिकेत काम नक्की. दोन्ही मुलाखती उत्तम झाल्या होत्या. अट एकच, पंधरा जूनपर्यंत निश्चितांक पासष्टच्या वर हवा.

पंधरा वर्षांपूर्वी हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या जरा वर मेंदूचा एक पट्टा असतो. पुढ्यात आलेल्या गोष्टीचं मोल तो सतत करत असतो. यातून काय मिळेल, काय जाईल, पुन्हा हवंसं वाटेल का. हे मोल ठरवणं चालू असताना तिथे अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण अब्जाव्या हिश्शाएवढं. पूर्वी ते मोजायला द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं खोलीएवढं यंत्र लागे. मग रुबिडियमच्या वाफेने भरलेले, नखाएवढे संवेदक आले. त्यांना द्रव हेलियमची गरजच नसे. शंभरेक संवेदक एका टोपात बसवले की झालं.

दुसरा अर्धा भाग त्याहून अवघड होता. माणसाला न केलेल्या कामाबद्दल विचारून उपयोग काय? तेव्हा शास्त्रज्ञांनी बाराशे व्यवसायांतल्या माणसांना वर्षभर हलके टोप घालायला दिले. ती काय पाहतात, कशावर थबकतात, कधी खुलतात, सगळं नोंदवलं. त्यातून प्रत्येक व्यवसायाचा एक 'आधार-दिवस' तयार केला. चाचणीत तो दिवस चाळीस मिनिटांत तुमच्या डोळ्यांपुढून, कानांतून जातो आणि तुमच्या मेंदूत उठणारी ओढ आणि उबग टोप मोजत राहतो. ओढीतून उबग वजा केली की निश्चितांक.

आकड्याने कमालही केली होती. पीएच.डी. अर्ध्यावर सोडणारे पूर्वी तिघांत एक असत, ते दहांत एकावर आले. विद्यापीठं खूश झाली. पाच वर्षांत निश्चितांकाशिवाय कुठे पुढच्या शिक्षणाला उभं करेनात.

घरी आल्यावर शर्वरीने आकडा सांगितला तेव्हा आईने हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं.

"पुन्हा तेच? अगं, शेजारच्या प्राचीचा दंतवैद्यकाला ब्याण्णव आला."

"प्राचीला लहानपणापासून दुसऱ्यांचे दात मोजायची सवय आहे."

"चेष्टा नको करूस."

"मग काय करू, आई? मला भूजल आवडतं. नगररचनाही आवडते. पाच वर्षं एकाच प्रश्नात घालवायची भीती वाटते आणि न घालवता दोन वर्षांत मोकळं व्हायचीही वाटते. हे टोप न घालताही मला माहीत होतं."

बाबा जिना चढून वर आले. हरभट रोडवर घराखालीच त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. किरण कोष्टी मितभाषी माणूस, पण गेल्या तीन महिन्यांत त्यांनी एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला होता, की शर्वरीला तो त्यांच्या पावलांच्या आवाजातच ऐकू येई.

"पण तुला नक्की काय हवंय?"

"बाबा, प्लीज!"

"रागावू नकोस. मी विचारतोय फक्त."

"रोज विचारताय!"

"तू रोज सांगत नाहीस म्हणून."

त्या रात्री कोल्हापूरच्या जयश्री आत्याचा फोन आला. तिला सगळं ठाऊक होतं, नेहमीप्रमाणे. राजारामपुरीत एक निश्चिती क्लास होता म्हणे. सहा आठवड्यांत वीस गुण वाढवून देतात. "आणि हे बघ, उद्या स्थळं बघायला लागलो की पहिला प्रश्न हाच येणार. पन्नासची मुलगी. स्वतःचं शिक्षण ठरवता येत नाही, ती संसारात काय ठरवणार?"

"आत्या, तुझ्या वेळी होता का गं निश्चितांक?"

"नव्हता म्हणून तर तुझ्या काकांशी लग्न झालं," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

शर्वरी क्लासला गेली. नाही म्हणून रोज वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. चौथ्या मजल्यावर एका खोलीत तीसजण बसले होते. प्रत्येकाने एकच व्यवसाय निवडायचा, त्याचंच चित्र भिंतीवर लावायचं, त्याच्याच गोष्टी ऐकायच्या. दुसऱ्या क्षेत्रातल्या माणसांशी सहा आठवडे बोलायचं नाही, भाऊ-बहीण असले तरी. चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांना डोळे मिटून "मला दुसरं काहीच नको" हे शंभरदा म्हणायला लावलं. तिसाव्या वेळेला शर्वरीने डोळे उघडले. शेजारचा मुलगा घामाघूम होऊन ओठ हलवत होता. तो उत्तम गातो आणि इथे यायच्या आधी त्याने पेटी माळ्यावर टाकलीय, हे त्यानेच तिला सकाळी सांगितलं होतं. ती उठली, पिशवी उचलली आणि जिना उतरली.

परतीच्या गाडीत तिने चाचणीचा अहवाल पुन्हा उघडला. कोणी वाचत नाही असं शेवटचं पान तिने पहिल्यांदा वाचलं. भूजलाचा आधार-दिवस नऊ संशोधकांच्या नोंदींतून बनला होता, त्यांचे आभार मानले होते. महाराष्ट्रातलं एकच नाव होतं, डॉ. लीलावती हुक्केरी, भूजल निरीक्षण केंद्र, जत.

म्हणजे आपण जो दिवस दोनदा जगलो तो अर्धामुर्धा या बाईंचा आहे, तिच्या मनात आलं. आणि जत तर काय, दोन-अडीच तासांवर.

डॉ. हुक्केरी केंद्रात नव्हत्या. गावाबाहेर माळावर एका निरीक्षण विहिरीपाशी भेटतील असं शिपायाने सांगितलं. शर्वरी पोहोचली तेव्हा पन्नाशी ओलांडलेली एक बाई डोक्याला पंचा गुंडाळून एका लोखंडी नळीत मोजपट्टी सोडत होती. पट्टीच्या टोकाला संवेदक होता. तो पाण्याला टेकला की शिट्टी वाजे.

"मॅडम, मी सांगलीहून आले. शर्वरी कोष्टी. मला तुमच्याशी निश्चितांकाबद्दल..."

"गप्प," बाई म्हणाल्या. शिट्टी वाजली. "तेवीस मीटर चाळीस. लिही तिथे. वही आहे बघ दगडावर."

शर्वरीने लिहिलं. मग दोघी पुढच्या विहिरीवर गेल्या, मग तिच्या पुढच्या. तीन विहिरी झाल्यावर बाईंनी बाभळीच्या सावलीत डबा उघडला, त्यातली अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता बोल."

शर्वरीने सगळं सांगितलं. हुक्केरी मॅडम ऐकत होत्या आणि अधूनमधून नाकाने हसत होत्या.

"माझ्या डोक्यावर टोप चढवला तेव्हा मला नोकरीत बावीस वर्षं झाली होती," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांनी विहिरीत काय सापडेल याची उत्सुकता असते बाई, कारण मागची बावीस वर्षं डोक्यात असतात. पहिल्या वर्षी घातला असता ना, तर टोपातून धूर निघाला असता. मी या विषयाला आले कारण ज्या विषयाला मला जायचं होतं तिथल्या वसतिगृहात जागा नव्हती."

"पण नोंद वर्षभराची होती. त्यात वाईट दिवसही असतील ना?"

"होते की. काढून टाकले. पंप जळाला तो आठवडा काढला. वरिष्ठांशी भांडण झालं तो दिवस काढला. नोंदी घ्यायला आलेली पोरं म्हणाली, मॅडम, हे अपवादात्मक आहे. मी म्हटलं, अरे, वर्षातले नव्वद दिवस अपवादात्मक?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि गंमत सांगू? गेल्या वर्षी खात्याने आम्हा सगळ्यांची चाचणी घेतली. भूजलात मला किती आला असेल?"

"नव्वद?"

"चव्वेचाळीस. माझ्याच दिवसाशी माझं जुळेना. मी दोन पानी पत्र लिहिलं वर. उत्तर आलं, आपण विश्रांती घ्यावी."

शर्वरीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तीन महिने ती स्वतःतच खोट शोधत होती. "मग मी काय करू, मॅडम?"

"ते मला काय विचारतेस? मला चव्वेचाळीस आहेत." त्या उठल्या, पंचा झटकला. "चल, अजून पाच विहिरी राहिल्यात. तू पट्टी धर, माझा खांदा दुखतोय."

संध्याकाळपर्यंत शर्वरीने पाच विहिरी मोजल्या. ऊन भाजत होतं, नळ्यांची झाकणं गंजली होती, एकीत सरड्याने घर केलं होतं. खूप आनंद झाला असं काही तिला म्हणता आलं नसतं. एवढंच, की पहिल्या विहिरीची पातळी आठवड्यात अठ्ठावीस सेंटीमीटर उतरली होती आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या दुसरीची तसूभरही हलली नव्हती. का, ते मॅडमनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात बाबांना मदत करत होती. दोघं फारसं बोलत नव्हते. क्लास सोडल्याबद्दल सकाळीच वाजलं होतं. खुर्चीत पाटणे मास्तर बसले होते, निवृत्त शिक्षक, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. यंत्राने त्यांचा नंबर एका मिनिटात काढला होता, पण शेवटची पारख बाबा अजून हातानेच करत. चाचणीच्या चौकटीत एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची.

"हे बरं, मास्तर, की हे?"

"पहिलं."

"आणि आता? हे, की हे?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "दोन्ही सारखंच दिसतंय हो. नीट सांगता येत नाही. पुन्हा दाखवता?"

"नको, झालं," म्हणत बाबांनी नंबर लिहून घेतला.

"अहो, पण मी नीट सांगितलंच नाही!"

"सांगितलंत की. फरक कळेनासा झाला की समजायचं, दोन्ही काचा बरोबर आहेत. मग उगाच डोळ्यांना ताण देत बसायचं नसतं. कुठलीही घाला, वाचता येतं."

शर्वरीच्या हातातली चष्म्याची डबी तशीच राहिली. "बाबा, आत्ता काय म्हणालात?"

बाबा वळले. आधी त्यांना कळलं नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी मास्तरांच्या हातात पावती दिली. मास्तर गेल्यावर काउंटर पुसता पुसता म्हणाले, "तीस वर्षं लोकांना हे सांगतोय मी. आणि तुला रोज विचारून विचारून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "चहा घेतेस?"

"घेते," शर्वरी म्हणाली.

त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

बारा जूनला शर्वरी तिसऱ्या चाचणीला गेली ती काही ठरवून नाही. पासष्ट नाही आले तर एक वर्ष मॅडमच्या हाताखाली पट्टी धरेन, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. आईने कपाळावर हात मारला, पण जाताना हातावर दही ठेवलं. दोन्ही आधार-दिवस टोपातून गेले. निंबाळकर सर पडद्याकडे पाहत राहिले.

"किती, सर?"

"भूजल अडुसष्ट."

तिने श्वास सोडला. "आणि नगररचना?"

"अडुसष्ट!" सर जवळजवळ ओरडले. "काय चालवलंयस तू, शर्वरी? आता यंत्राने करायचं तरी काय?"

"दोन्ही वाढले कसे?"

सरांनाही तोच प्रश्न पडला होता. गेल्या सहा वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते त्यांनी केलं. आकडा बाजूला सारून मूळ आलेख उघडले, तिन्ही चाचण्यांचे. ओढीची निळी रेघ तिन्ही वेळा जवळपास सारखी होती, चांगली उंच. बदल होता तो उबगीच्या लाल रेघेत. पहिल्या दोन चाचण्यांत ती चढलेली होती, आज खाली होती.

"हे बघ," सरांनी बोट ठेवलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "मागच्या दोन्ही वेळी उबग सुरू कुठे झालीय बघ. आधार-दिवस सुरू व्हायच्या आधी. टोप घातल्या घातल्या. म्हणजे ती कामाची नव्हतीच."

"मग कशाची?"

"भीतीची असेल. चुकीचं निवडलं जाईल याची. शेजारच्याच पट्ट्यात उठते ती. यंत्र दोन्ही एकत्र मोजतं आणि वजा करतं." त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. "किती पोरांना मी पन्नास म्हणून परत पाठवलं असेल."

शर्वरीला राजारामपुरीतला तो गाणारा मुलगा आठवत होता. निघताना तिने सरांकडून तिन्ही आलेखांची प्रत मागून घेतली आणि त्याच दिवशी जतला पाठवली. मॅडमचं उत्तर आलं, "दुसरं पत्र लिहिते. या वेळी चार पानी."

मग पंधरा जून उजाडला. दोन्ही दारं उघडी होती आणि एकातूनच जायचं होतं. शर्वरीने कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे एक कारण लिहिलं की उजवीकडे त्याच्या तोडीस तोड दुसरं उभं राही. दुपारी तीनपर्यंत तिने चार कागद फाडले. पाच वाजता नोंदणी बंद होणार होती. आई दर पंधरा मिनिटांनी दारात येऊन, काही न बोलता, परत जात होती. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

साडेतीनला तिने मॅडमना फोन लावला. "मॅडम, पहिल्या विहिरीची पातळी आज किती?"

"चोवीस मीटर दोन. का गं?"

"आणि दुसरीची?"

"आहे तिथेच. अगं, पण तू परवाही विचारलंस आणि सोमवारीही. तुझं प्रवेशाचं काय झालं?"

शर्वरीचं लक्ष फाडलेल्या कागदांकडे गेलं. अहमदाबादच्या कुठल्या रस्त्याबद्दल, कुठल्या वस्तीबद्दल तिने कुणाला तीनदा फोन केला नव्हता. हे काही मोठं कारण नव्हतं. पण चार कागदांवर मिळून याच्याएवढं खरं काही सापडलं नव्हतं.

तिने हैदराबादची नोंदणी उघडली, माहिती भरली, शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: 'आपल्या निवडीबद्दल आपली पूर्ण खात्री आहे का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

"नाही!" शर्वरी पडद्यावर खेकसली आणि 'हो' दाबलं.

"काय झालं गं?" बाबांनी खालून हाक दिली.

"प्रवेश घेतला!"

"कशात?"

"भूजलात!"

मग बाबा म्हणाले, "बरं केलंस." अहमदाबाद म्हणाली असती तरी ते हेच म्हणाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हैदराबादला तिचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मार्गदर्शकांनी विषय दोनदा बदलायला लावला. नोव्हेंबरात अख्खी नमुन्यांची पेटी कुणीतरी उन्हात ठेवली आणि चार महिन्यांचं काम मातीत गेलं. अहमदाबादला गेलेल्या एका मैत्रिणीचे हसरे फोटो आले की शर्वरी फोन उलटा ठेवी. पण ती टिकली. आवडत होतं म्हणून टिकली, की सोडायला वेळच मिळाला नाही म्हणून, हे तिला त्या वर्षी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हुक्केरी मॅडमच्या चार पानी पत्राची पुढे तीस पानं झाली. निंबाळकर सरांनी आपल्या केंद्रातल्या दोनशे मुलांचे मूळ आलेख, त्यांच्या परवानगीने, त्याला जोडले. गवगवा फार झाला नाही. पासष्टची अट अजून आहे. पण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दोन तंत्रज्ञ शर्वरीच्या प्रयोगशाळेत आले. भूजलाचा आधार-दिवस नव्याने करायचं ठरलं होतं आणि या वेळी त्यांना नवखे संशोधक हवे होते.

"वर्षभर हा टोप घालायचा," त्यातला एकजण म्हणाला. "अगदी हलका आहे. अपवादात्मक दिवस आम्ही नंतर काढून टाकतो, त्यामुळे तुम्ही निर्धास्त..."

"काढायचे नाहीत," शर्वरी म्हणाली.

"मॅडम, पण त्याने सरासरी बिघडते."

"बिघडू दे. एकही दिवस काढायचा नाही. लिहून द्या, नाहीतर मी घालत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, फोनवर कुणाशी तरी अर्धा तास बोलले आणि शेवटी लिहून दिलं.

पहिलाच दिवस मंगळवार होता. सकाळी पंप चालेना. दुपारी मार्गदर्शकांनी एका प्रकरणाला लाल काट मारली. चार वाजता शर्वरी विहिरीच्या कठड्यावर बसून, हे सगळं सोडून सांगलीला परत जावं, असा विचार वीस मिनिटं करत होती. मग पट्टी सोडायची वेळ झाली म्हणून ती उठली. तो अख्खा दिवस, त्या वीस मिनिटांसकट, आता यंत्रात आहे.